जागा कोणाची? : एस.टी.तल्या आणि रेल्वेतल्या बसण्याविषयी

(रत्नागिरीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका ओळखीच्या काकांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, "अहो, बसायच्या जागेवर तासभर काय बोलणार? आधी येईल तो बसेल, नंतर येईल तो उभा राहील. संपलं की!" आम्ही विचारलं, काका, तुम्ही कार्यक्रमाला येताय ना? "येणार तर! एस.टी.ने येईन. बसायला मिळालं म्हणजे झालं. गुडघे फार दुखतात हो हल्ली." बघा, आमचा विषय काकांनीच सुरू करून दिला.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. लांजा, पाली, हातखंबा या बाजूने रत्नागिरीला वर्षानुवर्षं ये-जा करणारी आम्ही चार-पाच माणसं. कोणी शाळेत, कोणी कचेरीत, एक जण एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले. आज बोलणारं तोंड एकच असलं तरी बोलणं सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतोय.

तिकीट नक्की कशाचं?

सुरुवात रुमालापासून करू. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जायचं, उघड्या खिडकीतून रुमाल, टोपी, छत्री, वेळ पडली तर चप्पलसुद्धा सीटवर टाकायची, आणि मग दाराशी रेटारेटी करून सावकाश आत जायचं. आत गेल्यावर तिथे कोणी बसलेलं असलं की भांडण ठरलेलं. "माझा रुमाल होता." "रुमालाने तिकीट काढलंय का?"

आता नियम काय म्हणतो? आरक्षण केलं असेल तर तिकिटावर आसन क्रमांक असतो, आणि ती जागा त्या प्रवाशाचीच. आरक्षण नसेल तर साधं तिकीट म्हणजे इथून तिथपर्यंत नेण्याचा करार. अमुक सीट मिळेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून तर उभ्याने प्रवास करणाऱ्यालाही तिकीट तेवढंच पडतं. म्हणजे रुमालाला नियमात काहीही स्थान नाही. आमचे निवृत्त वाहक सांगतात, की त्यांनी नोकरीभर रुमालावरून झालेली भांडणं मिटवली, पण रुमालाच्या बाजूने निकाल द्यायला त्यांच्याकडे कधी कोणता कागद नव्हता.

मग ही पद्धत टिकली कशी? आम्हाला वाटतं, तिला नुसता अडाणीपणा म्हणून सोडून देणं बरोबर नाही. आपल्याकडे गावाला जाणाऱ्या गाड्या किती? कित्येक वाड्यांना सकाळी एक, दुपारी एक आणि रात्री वस्तीची एक. ती चुकली तर रिक्षाला दोन-चारशे रुपये, नाहीतर पायपीट. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर माणसं रांग लावतात ती काय मुंबईकर जन्मतः शहाणे म्हणून नाही. मागून दुसरी बस येणार आहे हा भरवसा असतो, म्हणून रांग टिकते. भरवसा गेला की तिथेही रांग मोडते. वाट बघणाऱ्याला काही मिळेल असं वाटलं तरच तो वाट बघतो.

तेव्हा रुमाल टाकणाऱ्यावर हसण्याआधी गाड्यांची संख्या बघावी. पण हेही लक्षात घ्यावं, की रुमालाच्या शर्यतीत कोण हरतं. धावू शकत नाही तो. म्हातारी, पोटुशी, काखेत मूल असलेली, काठीवर चालणारा. ज्याला जागेची सगळ्यात जास्त गरज, तोच या पद्धतीत हमखास उभा राहतो. रुमालाविषयी आमची खरी तक्रार ही एवढीच आहे.

शेजारी कोण बसणार?

थोडं मागे जाऊ. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. आज आपण त्या शहराला अहिल्यानगर म्हणतो. त्याआधी खासगी सर्व्हिस गाड्या होत्या, त्याआधी बैलगाड्या आणि छकडे. कोकणात तर होड्या आणि आगबोटी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर सार्वजनिक वाहनात शेजारी कोण बसणार हे आपल्याला ठरवता येत नाही. घरात, पंगतीत, देवळात माणसाने शतकानुशतकं शेजारी निवडून घेतला होता. इथे तिकीट सगळ्यांना सारखं आणि बाकही एकच.

ही गोष्ट किती मोठी, ते बाबासाहेब आंबेडकरांच्या एका आठवणीतून कळतं. बाबासाहेबांच्या लहानपणाचा काही काळ आपल्या दापोलीत गेला, पुढे कुटुंब साताऱ्याला गेलं. १९०१ साली ते आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनपर्यंत रेल्वेने व्यवस्थित आली. गाडीत त्यांना कोणी अडवलं नाही. स्टेशनवर उतरल्यावर जात कळली, आणि एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण कबूल झाला. अट अशी, की गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारून चालत येणार. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. एकाच दिवसात रेल्वेचा बाक आणि बैलगाडीची बैठक, दोन्हींतला फरक त्या मुलाला कळला.

आता तुम्ही म्हणाल, आज असं कुठे आहे? उघड नाही. पण मिरकरवाड्याहून मासळीची पाटी घेऊन एखादी मावशी गाडीत चढली की काय होतं, ते आठवा. पाटी जागेवर ठेवू नये, पाणी गळू देऊ नये, हे म्हणणं रास्तच आहे. ओल्या पाटीचं पाणी दुसऱ्याच्या सामानावर का जावं? पण पाटी रिकामी असते, धुतलेली असते, तरीही नाकाला पदर जातो, आणि शेजारची रिकामी सीट "कोणी येतंय" म्हणून अडवली जाते. इथे नियम वासाचा राहिलेला नसतो. हीच माणसं संध्याकाळी त्याच मावशीकडून सुरमई घेताना वासाबद्दल तक्रार करत नाहीत!

सामान ठेवण्याबद्दल नियम असावा आणि तो सगळ्यांना सारखा लागावा, असं आमचं म्हणणं आहे. मे महिन्यात आंब्याची पेटी सीटवर बसून मुंबईला जाते आणि माणूस उभा असतो, तेव्हा कोणी नाक मुरडत नाही. पेटीला वास चांगला येतो म्हणून ती प्रवासी होत नाही.

खिडकीवरच्या पाट्या

आता राखीव जागांकडे येऊ. एस.टी.त खिडकीच्या वर पाट्या असतात: महिलांसाठी, ज्येष्ठ नागरिकांसाठी, दिव्यांगांसाठी. आमदार-खासदारांसाठी, स्वातंत्र्यसैनिकांसाठी, अधिस्वीकृतीधारक पत्रकारांसाठीही असतात. आमदारसाहेब लालपरीत किती वेळा दिसले हा प्रश्न सोडून द्या. मुद्दा असा, की राखीव जागा म्हणजे रिकामी ठेवायची जागा नव्हे. हक्काचा माणूस नसेल तर कोणीही बसावं. तो आला की उठावं. उठायला लागलं तर त्यात अपमान नाही, आणि उठवणाऱ्यानेही पोलिसासारखं बोलू नये.

गेल्या काही वर्षांत या पाट्यांखालची भांडणं वाढली आहेत. त्याला एक कारण आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी. प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्या लोकांना अर्धं तिकीट होतंच. मग १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं भाडं लागू झालं. ज्या बायका वर्षातून दोनदा माहेरी जायच्या त्या महिन्यातून एकदा जाऊ लागल्या. ज्या म्हाताऱ्या आजी दवाखान्यात जायचं टाळत होत्या त्या जाऊ लागल्या. ही चांगलीच गोष्ट आहे. पण मार्गावर गाड्या मात्र पूर्वीइतक्याच दिसतात.

आणि मग गाडीत वाक्य ऐकू येतं: "आम्ही फुल तिकीट काढून उभे, आणि हे हाफमध्ये बसलेत!" हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी ऐकलं असेल, काहींनी म्हटलंही असेल. ते चूक का आहे ते नीट समजून घेऊ. सवलतीचा प्रवासी कमी पैसे देतो म्हणजे महामंडळाला कमी मिळतात असं नाही. उरलेल्या रकमेची भरपाई सरकारने करायची अशी ही योजना आहे. म्हणजे ते तिकीट पूर्णच आहे, फक्त अर्धे पैसे दुसऱ्या खिशातून येतात, आणि तो खिसा तुमचा-आमचा, त्या आजींचाही आहे. दुसरं, जागेचा हक्क भाड्याच्या प्रमाणात असता तर मोफत जाणाऱ्या पंच्याहत्तरीच्या आजोबांना शेवटपर्यंत उभंच राहावं लागलं असतं. असा नियम तुम्हाला चालेल का? नाही ना.

पण फुल तिकीटवाल्याचा रागही खोटा नाही. दिवसभर काम करून तो दमलेला असतो. त्याचा राग गर्दीवर आहे, आणि गर्दीला तोंड नसतं म्हणून तो समोरच्या आजींवर निघतो. जादा गाडी मागायला आगाराकडे अर्ज करायचा तर चार सह्या गोळा कराव्या लागतात. आजींवर ओरडायला काही लागत नाही.

एक खास आपल्याकडची गोष्ट राहिली. खिडकी. आपले रस्ते वळणांचे, घाटांचे, आणि कित्येकांना गाडी लागते. ज्याला गाडी लागते त्याला खिडकी देणं ही मेहरबानी नाही, त्यात सगळ्या गाडीचं हित आहे! पावसाळ्यात उलटं. खिडकीवाला काच उघडी ठेवतो, आणि पावसाचा झोत मागच्या सीटवर. खिडकी तुमची असली तरी वारा-पाऊस मागच्यापर्यंत जातो. उघडी ठेवायची असेल तर मागे वळून एकदा विचारावं. ओली छत्री पायाशी, रिकाम्या सीटवर नाही.

रेल्वेत काय?

कोकण रेल्वे आपल्या आयुष्यात अलीकडे आली. २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. साधारण ७४० किलोमीटरचा हा मार्ग अजूनही बहुतांश एकेरी आहे. त्यामुळे गाड्या वाढवायला मर्यादा आहे, आणि जागेची ओढाताण इथेही आलीच.

रेल्वेत नियम जास्त स्पष्ट आहेत, पण ते माहीत नसतात. चार नियम सांगतो.

पहिला, मधल्या बर्थचा. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. पूर्वी ती ९ पासून होती, ऑगस्ट २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने बदलली. या वेळेबाहेर खालचा बर्थ हा तिघांनी बसायचा बाक. संध्याकाळी सातला मधला बर्थ लावून पसरणं नियमात बसत नाही, आणि सकाळी आठपर्यंत खाली झोपून राहणंही बसत नाही. पण त्याच आदेशात आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांशी सहकार्य करावं, त्यांना जास्त वेळ झोपू द्यावं, असंही म्हटलं आहे. म्हणजे नियमानेच माणुसकीला जागा ठेवली आहे.

दुसरा, आर.ए.सी.चा. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना अर्धी-अर्धी जागा. दोघं अनोळखी, रात्र मोठी. आधी आलेला पाय लांब करतो आणि दुसरा कोपऱ्यात मुडपून बसतो. दोघांचा हक्क सारखा आहे. सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, की अमुक वाजेपर्यंत तुम्ही पडा, नंतर मी. गाडी पनवेल सोडायच्या आत ठरवलं तर बरं, खेडपर्यंत थांबलात तर एक जण घोरत असतो.

तिसरा, लहान मुलांचा. २१ एप्रिल २०१६ पासून ५ ते १२ वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, अर्धं भाडं भरलं तर बर्थ नाही. कित्येक पालकांना हे गाडीत चढल्यावर कळतं, आणि मग समोरच्याच्या बर्थवर मूल झोपवलं जातं. समोरच्याने नकार दिला तर तो दुष्ट ठरत नाही. त्याने होकार दिला तर मात्र तो नक्की भला.

चौथा सगळ्यात महत्त्वाचा. गणपतीच्या दिवसांत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईहून भरून आलेल्या गाडीचं दार आतून बंद. खेडला, चिपळूणला, रत्नागिरीला फलाटावरची माणसं दारं ठोकतात, आतले बघत नाहीत. गाडी निघून जाते. हातात तिकीट, बरोबर पोरंबाळं, आणि माणूस फलाटावर. आतल्यांना विचारलं तर म्हणतात, "आत पाय ठेवायला जागा नाही."

१९८९ च्या रेल्वे कायद्यातलं कलम १५५ यासाठीच आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक, दुसऱ्याच्या आरक्षित जागेवर बसून उठायला नकार देणारा. दोन, अनारक्षित डब्यात दुसऱ्या प्रवाशाला कायदेशीर प्रवेश करण्यापासून अडवणारा. दोघांनाही दंड आहे. मूळ कायद्यात पहिल्याला ५०० रुपयांपर्यंत, दुसऱ्याला २०० रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ वाटेल, पण कायद्याचं म्हणणं बघा. दार धरून बसणारा आणि दुसऱ्याच्या जागेवर बसणारा एकाच कलमात आहेत. जागा नाही हे खरं असू शकतं. पण ते ठरवण्याचा अधिकार दाराच्या आतल्या कडीला नाही.

आणि आतल्या माणसांपैकी कित्येक जण मागच्या वर्षी फलाटावरच उभे होते! चाकरमानी तोच, यंदा आत आहे एवढंच. आपण आत शिरलो की बाहेरचा आपल्याला गर्दी वाटतो. बाहेर असताना आपण प्रवासी असतो.

आमची चूक

इथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता आमची सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची रत्नागिरीहून सुटणारी गाडी, खच्चून भरलेली. ज्येष्ठांच्या जागेवर पंचवीस-तिशीचा एक मुलगा डोळे मिटून बसलेला. समोर एक आजी दांडीला धरून उभ्या. आम्ही रोजचे प्रवासी, त्यामुळे गाडी आपलीच अशी आमची समजूत. आमच्यातल्या एकाने आवाज चढवला, "काय रे, पाटी वाचता येत नाही का? शिकलेला दिसतोस!" बाकीच्यांनी साथ दिली. कोणी म्हणालं, आजकालची पिढी. कोणी म्हणालं, झोपेचं सोंग. मुलगा उठला. काही बोलला नाही. आजी बसल्या. आम्हाला समाधान वाटलं.

हातखंब्याच्या आधीच तो खाली बसला, म्हणजे मटकन पडलाच. बाही वर गेली तेव्हा हातावरची पट्टी दिसली. दुपारीच त्याचं डायलिसिस झालं होतं. आठवड्यातून दोनदा तो असा यायचा. आजींनीच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं ते आम्ही अजून विसरलो नाही.

तो मुलगा पुढे कित्येक महिने त्याच गाडीला असायचा. आम्ही त्याला जागा धरून ठेवायचो. होय, रुमाल टाकून! नियमाप्रमाणे ते चूकच. माफी मागायला मात्र आम्हाला तीन आठवडे लागले. त्याने एवढंच म्हटलं, "काका, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

हे वाक्य आजच्या व्याख्यानाचं मूळ आहे. आम्ही दटावलं. विचारलं नाही.

लंडनमध्ये २०१७ पासून अशा लोकांसाठी एक बिल्ला मिळतो. ज्यांचा आजार दिसत नाही त्यांनी तो लावायचा, त्यावर 'कृपया मला बसायला जागा द्या' अशा अर्थाचा मजकूर असतो. त्याआधीपासून गरोदर स्त्रियांसाठी वेगळा बिल्ला आहेच. आपल्याकडे असा बिल्ला नाही. आला तरी छातीवर आजार लावून फिरायला किती जण तयार होतील, शंकाच आहे. म्हणून आपल्याला तोंडाचाच उपयोग करावा लागणार.

मागायचं कसं?

अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रॅम नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९७० च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पाठवलं. काम सोपं: बसलेल्या माणसाकडे जाऊन, काही कारण न देता, "मला तुमची जागा द्याल का?" एवढंच विचारायचं. सगळ्यांना वाटलं, शिव्या पडतील. प्रत्यक्षात ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. गंमत पुढे आहे. काहींनी कारण दिलं, "उभ्याने पुस्तक वाचता येत नाही." तेव्हा प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. कारण फालतू वाटलं की लोक ते तपासायला लागतात. आणि सगळ्यात कठीण काय गेलं, तर मागणाऱ्यांना मागणं. खुद्द मिलग्रॅम विचारायला गेले तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. जागा मिळाल्यावर आपण आजारी दिसावं असं त्यांना आतून वाटायला लागलं.

न्यूयॉर्क म्हणजे रत्नागिरी नव्हे, हे मान्य. पण यातून आम्ही एवढं घेतलं, की बहुतेक माणसं विचारलं तर देतात. विचारणं अवघड जातं म्हणून आपण मनात चरफडतो, आणि चरफड साठली की एकदम भांडतो. त्यामुळे मधली पायरी, म्हणजे साधं विचारणं, राहूनच जाते.

पाटी लावून सगळं होत नाही, याचं एक उदाहरण जपानचं. तिथे १५ सप्टेंबर १९७३ ला, ज्येष्ठांच्या सन्मानाच्या दिवशी, टोकियोच्या चुओ मार्गावर रुपेरी रंगाच्या खास जागा सुरू झाल्या. पुढे १९९९ मध्ये हानक्यू नावाच्या रेल्वे कंपनीने ठरवलं, की वेगळ्या जागा कशाला? सगळ्याच जागा गरजूंच्या. कल्पना किती सुंदर! २००७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. सगळ्या जागा राखीव म्हटल्यावर उठायचं नेमकं कोणी, हेच कोणाला कळेना. म्हणजे पाटी हवी, पण पाटीने काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आपल्याला बोलून करावं लागतं.

तर आमच्या गाडीत आता आम्ही काय करतो ते सांगतो. कोणाला उठवायचं असेल तर आधी विचारतो, "दादा, तुम्हाला बरं आहे ना? आजींना बसायचं होतं." बरं असेल तर तो उठतोच. नसेल तर सांगतो. मग आम्ही दुसऱ्याला विचारतो. दुसरं, आजींच्या वतीने आम्ही भांडत नाही. आधी आजींना विचारतो, "बसणार का?" कित्येकदा त्या म्हणतात, "नको बाबा, पुढच्याच थांब्याला उतरायचंय." तिसरं, लांबच्या गाडीत आळीपाळी. अर्धा रस्ता तुम्ही, अर्धा आम्ही. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट करतात, त्यात चौथ्याला अर्धीच टेकायला मिळते, पण 'नाही' कोणी म्हणत नाही. ती पद्धत कोणत्याही नियमात नाही. रोजच्या प्रवाशांनी ती तयार केली आणि सांभाळली.

आता आपण प्रश्न घेऊ.

प्रश्न : मोबाईलवर मोठ्याने रील बघणाऱ्यांचं काय करायचं?

जागेच्या हद्दीत आवाजही येतो, असं आम्ही समजतो. मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये हेडफोनशिवाय आवाज लावायला मनाई केली. रेल्वेतही रात्री दहानंतर मोठ्या आवाजाला परवानगी नाही. पण तेच सूत्र, आधी विचारा. "दादा, जरा हळू करता का?" असं म्हटलं की दहातले बरेच जण गुपचूप हळू करतात. काहींना आपला आवाज मोठा आहे हेच माहीत नसतं. ऐकलंच नाही तर वाहकाला सांगा. रेल्वेत १३९ वर तक्रार करता येते.

प्रश्न : (एक भगिनी) तुम्ही सगळं विचारा म्हणता. पण शेजारचा पुरुष पाय पसरून अंगावर येतो तेव्हा आम्ही काय विचारायचं?

ताई, बरं झालं तुम्ही हे विचारलंत, आमच्याकडून राहिलं होतं. आम्ही सांगितलं ते बेपर्वाईबद्दल. मुद्दाम अंगाला अंग लावणं ही बेपर्वाई नाही, तो गुन्हा आहे. तिथे विनंती करायची गरज नाही. मोठ्याने बोला, वाहकाला गाडी थांबवायला सांगा, ११२ लावा. आणि आम्हा पुरुषांचं काम काय, तर त्या वेळी खिडकीबाहेर न बघणं. "तुम्ही इकडे या, माझ्या जागेवर बसा," एवढं तरी म्हणावं. एकटी बाई बसली असेल आणि दुसरीकडे जागा असेल तर पुरुषाने तिथे जावं. नसेल तर "बसू का?" विचारून, अंग चोरून बसावं. यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : गाड्या वाढवल्या तर हे सगळं आपोआप सुटेल ना?

बरंच सुटेल. म्हणून मागणी करत राहिलंच पाहिजे, आणि ती लेखी करावी: मार्ग, वेळ, किती लोक उभे होते, किती दिवस. आमच्या वाहक मित्रांचं म्हणणं असं, की आगारात नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा तारीखवार कागदाला वजन असतं. पण गाड्या वाढेपर्यंत उद्या सकाळची गाडी आहेच, आणि त्यात एक आजी चढणार आहेत. तेवढ्यापुरतं तरी आपल्या हातात आहे.

सुरुवातीला सांगितलेले काका मागच्या रांगेत बसलेत. काका, आज जागा मिळाली का गाडीत? ... मिळाली म्हणतात. कोणी दिली? ... कॉलेजच्या एका मुलीने. तुम्ही मागितलीत का? ... नाही म्हणतात, तिनेच विचारलं.

एवढंच सांगायचं होतं.  परतीची शेवटची गाडी ज्यांना गाठायची आहे त्यांनी आधी निघावं. दाराजवळच्यांनी कृपया त्यांना वाट द्यावी.